काठीवरची एक ओळ

दिवाळीत भाचा रत्नागिरीहून आमच्या गावी, सास्तूरला आला तेव्हा एस.टी.तून आधी एक सात फुटी निमुळती पिशवी उतरली, आणि मग तो. बहिणीने दारातूनच विचारलं, "पडद्याचा दांडा कशाला वाहून आणलास रे एवढ्या लांबून?" त्याने पिशवीची दोरी सोडली. आतून एक काळी काठी निघाली. मुठीपाशी अंगठ्याएवढी जाड, टोकाला उदबत्तीच्या काडीइतकी बारीक. कयाकवर बसून समुद्रात मासे गरवायची काठी. 'गरवणं' हा शब्द त्याने कोकणातून उचललेला. आमच्याकडे आपलं 'गळ टाकणं'.

आता सास्तूर कुठे आणि समुद्र कुठे. आमच्या शिवारातलं पाणी तेरणेला मिळतं, तेरणा मांजरेला, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. भाचा गरवतो तो अरबी समुद्र. त्या समुद्राला आमच्या शिवारातला थेंबही मिळत नाही. पण काठी कोपऱ्यात उभी राहिली आणि चष्मा लावून मी तिच्यापाशी गेलो, कारण मुठीच्या वर पांढऱ्या बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. लिहिलेलं दिसलं की वाचायचं, ही मास्तराची खोड.

ओळ अशी होती: ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, लाइन २० ते ४० पौंड, ल्युअर ३० ते ८० ग्रॅम.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन खणांत मुलांकडून रसग्रहणं लिहून घेतली. आता दिवाळीत तपासायला उत्तरपत्रिका नव्हत्या, म्हणून ही ओळ घेतली. भाचा समोर चिवडा खात बसलेला. त्याला म्हटलं, मी ओळ वाचतो, अडेल तिथे तू अर्थ सांग. "काय मामा, तुम्हीपण!" म्हणाला, पण चिवड्याचं ताट घेऊन जवळ सरकला.

पहिल्यांदा जाणवतं ते हे की ओळीत क्रियापद नाही. कर्ताही नाही. आणि गंमत म्हणजे मासे धरायच्या काठीवर माशाचं नाव नाही. नुसती मापं आणि विशेषणं. असा मजकूर एकतर औषधाच्या बाटलीवर असतो, नाहीतर लग्नाच्या जाहिरातीत. दोन्हीकडे खरं काय ते ओळींच्या मध्ये शोधावं लागतं.

७ फूट. एवढीच का? रत्नागिरीला खडकावर उभं राहून गरवणारे दहा-बारा फुटी काठ्या वापरतात, कारण त्यांना गळ लाटांच्या पलीकडे फेकायचा असतो. मोठ्या बोटीवरून सरळ खाली गळ सोडणाऱ्याला साडेपाच-सहा फूटही पुरतात. कयाक या दोघांच्या अधलीमधली. भाचा बसतो ती प्लॅस्टिकची होडी बारा फूट लांब. तो मध्याच्या किंचित मागे, पाय पुढे पसरून बसतो. उठता येत नाही, वळता येत नाही. मासा उजवीकडून निघून होडीच्या नाकाखालून डावीकडे गेला, तर काठीचं टोक नाकाला वळसा घालून पलीकडे न्यावं लागतं. काठी आखूड असेल तर दोर होडीच्या बुडाला घासतो आणि तुटतो. नाक बसल्या जागेपासून सहा-सात फुटांवर. म्हणजे काठीचे सात फूट होडी मोजून आलेले आहेत, माशाशी त्यांचा संबंध कमीच.

"मग नऊ फुटी घ्यावी, वळसा आणखी सोपा," मी म्हटलं. तो हसला. मासा जवळ आला की काठीच्या टोकाखाली असतो. काठी जितकी लांब तितका मासा बसलेल्या माणसापासून दूर. उभा माणूस दोन पावलं मागे सरकतो. बसलेला कुठे सरकणार? दुसरं असं की काठी ही तरफ आहे, पण या तरफेची सोयीची बाजू माशाकडे आहे. दोन मीटरच्या पहारीच्या टोकाला तीन किलोचं वजन बांधा आणि ती दुसऱ्या टोकाला धरून आडवी उचला, म्हणजे कळेल. पहार जितकी लांब तितका मनगटाचा जीव जातो.

पण पहार लवत नाही, काठी लवते, आणि इथे या ओळीचं सौंदर्य सुरू होतं. काठी कमानीसारखी वाकली की तिचं टोक हाताच्या जवळ येतं. तरफ आखूड होते. मासा जितक्या जोराने ओढतो तितकी काठी स्वतःला आखडून घेते आणि माणसाच्या हातावरचा भार हलका करते. आणि माशाने जोर सोडला की लगेच सरळ होऊन दोर ताठ ठेवते, गळ निसटू देत नाही. नम्रतेचे धडे आम्ही लव्हाळ्यावरून देत आलो. लव्हाळं पूर ओसरेपर्यंत आडवं पडून राहतं. काठी वाकलेली असतानाही काम करत असते.

दुसरा शब्द मीडियम हेवी, मध्यम जड. ही ओळीतली सर्वांत दुबळी जागा. विशेषण आहे, पण कशाच्या मानाने मध्यम ते सांगत नाही. भाचा म्हणतो, एका कंपनीची 'मीडियम हेवी' दुसऱ्या कंपनीची 'हेवी' निघते. विशेषण डगमगलं की माणूस आकड्यांकडे वळतो, म्हणून शेवटी दोराचे पौंड आणि आमिषाचे ग्रॅम आले आहेत. २० पौंड म्हणजे नऊ किलो. तो दोर तुटायचा भार. प्रत्यक्षात रिळाचा ब्रेक त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर लावतात, म्हणजे अडीच-तीन किलोची ओढ बसली की दोर आपोआप सुटू लागतो. मुलांना मी सांगत असे, विशेषणाच्या जागी तपशील द्या. काठी बनवणाऱ्याने ते अर्धं ऐकलं.

तिसरा शब्द फास्ट. नवशिके इथे फसतात, मीही फसलो. मला वाटलं, मासा लवकर मिळत असेल. हा शब्द वेगाचा नाही, जागेचा आहे. काठी कुठे लवते ते तो सांगतो. 'फास्ट' काठी फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्यात लवते, खालची ताठ राहते. 'मॉडरेट' मध्यापर्यंत लवते, 'स्लो' थेट मुठीपर्यंत. जयगडच्या खाडीत कांदळवनाच्या मुळांशी तांबोशी दडून असते. गळ लागला की ती पहिल्या झटक्यात मुळांत शिरते, आणि शिरली की संपलं. तिथे बूड ताठ असलेली काठी हवी, मासा वळवायला. उलट, वल्हं मारत मागे आमिष ओढत सुरमईसाठी जायचं असेल तर मध्यापर्यंत लवणारी बरी. धावत्या होडीला धावता मासा भिडतो. काठीने तो धक्का गिळला नाही तर गळ तोंड फाडून निघून येतो. एका शब्दात पाण्याची जात आणि माशाचा स्वभाव दोन्ही बसले आहेत. माशाचं नाव नाही म्हणून मघाशी मी तक्रार केली, ती इथे निम्मी मागे घेतो.

या लवण्याचा हिशोब शाळेच्या विज्ञानातलाच. एका टोकाला घट्ट धरलेला दांडा त्याच भाराखाली किती लवेल हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. तसाच दांडा दुप्पट लांब घेतला तर तो आठपट लवतो. म्हणून ओळीतले ७ फूट आणि 'मीडियम हेवी' वेगवेगळे वाचता येत नाहीत. चांगल्या कवितेतही असंच असतं. एक शब्द हलवला की शेजारच्याचा अर्थ बदलतो.

वाच्यार्थ झाला. ओळ काय लिहीत नाही?

काठी कशाची बनली आहे ते लिहीत नाही. भाच्याची कार्बनची. निमुळत्या पोलादी सळईवर राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड गुंडाळतात, भट्टीत भाजतात, मग आतली सळई ओढून काढतात. राहते ती पोकळ, टोकाकडे बारीक होत गेलेली नळी. म्हणजे शेवटी वेळूच. कोकणात जुनी माणसं चिवारी बांबूची काठी तोडून तिला गरी, म्हणजे गळ, बांधतात. बांबूचे चिवट धागे बाहेरच्या सालीकडे दाट आणि आत विरळ असतात; ताण सगळ्यांत जास्त बाहेरच्या बाजूला पडतो, तिथेच झाडाने ताकद ठेवलेली. पेरं असतात म्हणून नळी वाकताना चपटी होत नाही. कारखान्यात तेच काम आडवे गुंडाळलेले धागे करतात. काच-तंतूची काठी जड, पण मार खाणारी. कार्बनची हलकी, पण होडीच्या कडेवर आपटली की केसाएवढी चीर जाते आणि पुढच्या माशाला ती मोडते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. आभाळ गडगडलं की ती काठी खाली ठेवून किनारा गाठायचा, हे तरी त्या ओळीत लिहायला हवं होतं.

खारं पाणीही ओळीत नाही. दोर ज्या कड्यांतून जातो त्यांची चौकट साधी असेल तर मीठ तिला वर्षभरात खातं. टायटॅनियमची टिकते, महाग पडते. कड्याच्या आत सिरॅमिकची गुळगुळीत चकती लागते, नाहीतर विणलेला बारीक दोर धातूत करवतीसारखा खाचा पाडतो आणि मग त्याच खाचांत स्वतः तुटतो. कयाकवर सगळं पाण्यापासून वीतभर उंचीवर. काठी दिवसभर खाऱ्या तुषारांत न्हाते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं हा गरवण्याचाच भाग आहे, असं भाचा म्हणतो. भाचा आपला जेवलेलं ताटही उचलत नाही.

आणि ओळ स्पर्शाबद्दल गप्प आहे. जेवणं झाल्यावर त्याने काठी माझ्या हातात दिली, दोराचं टोक अंगणात नेऊन फरशीवर नखाएवढा खडा बांधला आणि तो हळूच ओढला. मी डोळे मिटले. खडा गुळगुळीत फरशीवरून मातीवर गेला ते मला तळहातात कळलं, मातीतून वाळूत गेला तेही कळलं. "समुद्राचा तळ असाच वाचायचा, मामा. वाळू, खडक, चिखल. मासा आमिष नुसतं चाखून सोडतो तेव्हाही हा एवढा थरकाप येतो."

सास्तूरच्या माणसाला थरकाप वाचायला शिकवावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. त्या भूकंपाच्या रात्रीचं इथे फार लिहीत नाही. किल्लारीचं नाव जगाला कळलं, सास्तूरने किती माणसं गमावली ते सास्तूरला ठाऊक आहे. एवढंच सांगतो की आमच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद होत्या. दगड आणि चिखल. वर मातीचं जड माळवद. त्या जाडीचा आम्हाला अभिमान होता. भिंतीला लवणं माहीत नव्हतं, ती फुटून अंगावर आली. काही घरांत भिंती पडल्या, पण आतल्या लाकडी खांब-तुळयांचा खण कलून, करकरून उभा राहिला, आणि त्याने माळवद डोक्यावर तोलून धरलं. पुढे पुनर्वसनाच्या घरांत आम्ही राहायला आलो. तेव्हापासून 'भक्कम' हा शब्द मी वर्गात जपून वापरला. त्या कोपऱ्यात उभ्या काठीकडे मी इतका वेळ पाहत होतो, त्याचं एक कारण हे असावं.

कयाकचंही तसंच. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेलं लाकूड, हाडं आणि वर सीलचं कातडं. सांगाडा खिळ्यांनी ठोकत नसत, कातड्याच्या वाद्यांनी बांधत, म्हणजे लाटेबरोबर तो अंग हलवू शके. आजची प्लॅस्टिकची कयाक तशी नाही, पण तिला नांगर नसला की मासा तिला ओढत नेतो आणि ओढता ओढता दमतो. तिथे लवणारी एकटी काठीच नसते. दोर सुटतो, काठी वाकते, होडी सरकते.

आता या ओळीच्या शेजारी आणखी एक मजकूर ठेवतो, कारण तो आमच्या शेजारचा आहे. उमरग्याहून पूर्वेला सीमा ओलांडली की बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास संस्कृतात 'मानसोल्लास' रचला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, एकूण शंभर अध्याय. मराठीच्या मास्तरांना हा ग्रंथ ओव्यांमुळे माहीत असतो: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे, आणि गीतांच्या प्रकरणात मराठी पदंही आहेत. पण याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे, गळाने मासे धरण्यावर. विनोद म्हणजे थट्टा नव्हे, मन रमवणं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहून अभ्यासकांचं लक्ष वेधलं. इंग्रजीतलं आयझॅक वॉल्टनचं गळ टाकण्यावरचं जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ चं. आमचा शेजारी त्याच्याआधी पाचशे वर्षं हे लिहून बसला होता.

राजाची पद्धत काठीवरच्या ओळीच्या नेमकी उलट. तो माशांपासून सुरुवात करतो. सुमारे पस्तीस मासे, त्यांत समुद्रातले वेगळे, नदीतले वेगळे. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. आणि कोणाला कसला चारा घालावा ते. राजधानी अशी दख्खनच्या पठारावर, आणि तो समुद्राचे मासे मोजतोय! मला हा माणूस फार आवडतो. पण दोन्ही मजकूर पुढ्यात ठेवून पाहिल्यावर एक प्रश्न उरतो. राजाकडे मासे आहेत, ओळीकडे मापं आहेत. बसणारा माणूस कुठे आहे? राजाला आपल्या बसण्याची काळजी करायचं कारण नव्हतं. कारखान्याला गिऱ्हाईक कुठे बसणार हे दिसत नाही. आणि भाच्याच्या सगळ्या बोलण्यातून मला जे कळलं होतं ते तर एवढंच होतं की कयाकवरची काठी बसणं पाहून निवडायची असते.

त्याची पहिली काठीही त्यामुळेच मोडली होती. मासा होडीच्या अगदी खाली आला. उभ्या माणसाच्या सवयीने याने काठी सरळ उभी करून खांद्यामागे नेली. सगळी कमान नाहीशी झाली, भार टोकाच्या वीतभर भागावर आला आणि ते काडकन तुटलं. काठी वाईट नव्हती, बसल्या जागी उभ्याचा हिसका दिला. राहिलेला तुकडा बहिणीने मागून घेतला आहे. परसात वालाचा वेल त्यावर चढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठी घेऊन माकणीला गेलो. निम्न तेरणा प्रकल्पाचं पाणी. काठाशी एक मच्छीमार नुकताच जाळं काढून आलेला. थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात शिवून, दोऱ्यांनी बांधून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसायचं, दोन हातांत दोन फळकुटं, तेच वल्हं. कटला, रोहू, चिलापी. भाच्याने पाहताच म्हटलं, "मामा, ही आपली कयाक." खरंच, पाण्याच्या इतक्या जवळ बसणारा माणूस सास्तूरच्या पंचक्रोशीत दुसरा नाही.

मच्छीमाराने काठी मागितली. ओळ वाचली नाही. तराफ्यावर मांडी घालून बसला, दोन्ही हातांनी काठी धरली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली, टोक पुढून फिरवलं. मग थांबला. मुठीचं बूड त्याच्या पोटाला लागत होतं. त्याने ते बगलेत घालून पाहिलं, मांडीवर टेकवून पाहिलं आणि काठी परत दिली. "बुडाला लई लांब हाय. बसल्याव टोचती."

भाचा गप्प झाला. रिळापासून बुडापर्यंतचं माप त्या ओळीत नव्हतं आणि घेताना त्यानेही पाहिलं नव्हतं. गेला हंगामभर खाडीत ती मूठ त्याच्या लाइफ जॅकेटमध्ये अडकत होती. तो जॅकेटला शिव्या देत होता.

घरी आल्यावर त्याने पाट मागितला. पाट साधारण कयाकच्या बैठकीइतकाच उंच. लाइफ जॅकेट रत्नागिरीला, म्हणून छातीला उशी बांधली. पाटावर पाय पुढे पसरून बसला, काठी हातात, आणि अंगणातल्या अंगणात माशाला डावीकडून उजवीकडे वळवू लागला. शेजारची दोन पोरं कुंपणावर येऊन बसली. बुडाची लांबी चौदा इंच भरली. उशीला न लागता फिरेल अशी जागा दहा इंचांवर सापडली. मी खिशातून खडू काढला, निवृत्तीनंतरही एखादा असतोच, आणि त्या जागी काळ्या मुठीवर आडवी रेघ ओढली. काठीवर आता दोन ओळी झाल्या.

लोखंड कापायची करवत आणायला भाचा उठला. बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी उशी काढ!"